चौथा रकाना

पक्षाच्या कागदावर तीनच रकाने छापून येतात:
आपला, त्यांचा, बघू.
चौथा मी घरी पट्टी धरून आखते,
शिसपेन्सिलीनं, गेली एकोणीस वर्षं.
त्यात लिहिते: का.

ऑन्टारिओ, ऑक्टोबर. मक्याची कापणी चाललेली,
सातव्या रस्त्यावर चिखलाच्या दोन रेघा.
हेंड्रिका पोस्टमाच्या उंबऱ्यापाशी रबरी बूट,
आठ जोड, उतरत्या मापानं.
पंचवीस वर्षं हे घर न विचारताच "आपला".
आज ती विचारते,
"तुमचा माणूस त्या प्रश्नावर उभा कुठं आहे?"
प्रश्नाचं नाव घेत नाही, पायाशी धाकटा आहे.
मी राजधानीहून छापून आलेलं वाक्य म्हणते:
प्रत्येक खासदार आपापल्या विवेकानं मत देईल.
"म्हणजे कुठंच नाही,"
असं म्हणून ती मला आत घेते, सफरचंदाचा केक कापते.
केक आणि नकार एकाच बशीत.
चौथ्या रकान्यात: मऊ पडलात.

गावाच्या टोकाला नवी घरं, अजून झाडं नसलेली.
आबेना क्वार्टे रात्रपाळीहून आलेली, अंगावर निळा सदरा.
कराचं गणित तिला पटतं.
घराचा हप्ता ती मला पैशांपर्यंत सांगते.
"पण तुमच्या मागच्या बाकांवरची माणसं...
आमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात एक मुलगी..."
वाक्य तिथंच ठेवून देते.
मी तेच छापील वाक्य म्हणते. दुसरं नाहीच माझ्याकडे.
ती दार लावते, अगदी हळू,
आत कुणी झोपलेलं असावं.
मी लिहिते: भिते.

एकच वाक्य.
एकीला त्यात दार बंद झाल्याचा आवाज आला,
दुसरीला ते फटभर उघडं राहिल्याचा.

गुरुवारी माजी सैनिकांच्या सभागृहात
मतदानाचं वयही न झालेल्या एका पोरानं हात वर केला
आणि प्रश्न नाव घेऊन विचारला.
ड्वेन स्किफिंग्टन, आमचा उमेदवार, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा,
भला माणूस, उधारी विसरणारा,
गप्प राहिला.
मी मोजले. सात सेकंद.
भिंतीतला गरम पाण्याचा नळ टकटकत होता.
मग तो डिझेलच्या भावावर बोलला, बरं बोलला.
तोवर मागच्या रांगेत हेंड्रिकानं कोट चढवला होता,
आबेना आलीच नव्हती.

रात्री कचेरीत राजधानीचा तरुण लॅपटॉप उघडून म्हणाला,
शहरातल्या जागा हव्या असतील तर हा विषय काढायचाच नाही.
गेरिट, आमचा खजिनदार, टोपीही न काढता म्हणाला,
मग पाट्या कोण ठोकणार? फोन कोण करणार? तू?
दोघांचंही बरोबर होतं.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
मी मध्ये कॉफीचं भांडं ठेवलं.

माझ्या नावापुढं "आपला" अशी खूण आधीच असते,
म्हणून माझं दार कधी कुणी वाजवलं नाही.
बरं झालं.
रविवारी मी हेंड्रिकासारखी असते,
बुधवारी, भावाचं हॅलिफॅक्सहून पत्र येतं तेव्हा,
खाली दोन पुरुषांच्या सह्या असलेलं,
तेव्हा नसते.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

एकशे एक्केचाळीस मतांनी पडलो.
आकडे घेऊन बसले तेव्हा कळलं,
सातवा रस्ता त्यांच्याकडे गेलाच नव्हता.
घरीच राहिला होता, गाई पिळत.

नोव्हेंबरात पाट्या गोळा करत फिरले.
हेंड्रिकानं आमची आधीच उपटून गोठ्यात ठेवलेली,
खुंटीचा चिखलही धुतलेला.
माझ्या हातात देत म्हणाली,
"लाकूड चांगलं आहे."

घरी येऊन कागद काढला,
तिच्या नावापुढं पेन्सिल टेकवली,
आणि बराच वेळ
नुसती टेकवून ठेवली.