नववं पान

अशोक चौकात माझं दोन खुर्च्यांचं दुकान.
दुपारी भास्कर गुंडेटी आला, कबड्डीतला,
हातात लीगचा चौदा पानी कागद.
"अण्णा, नववं पान वाच."
केस कॉलरच्या वर. दाढी एकसारखी.
रंग नको, वेणी नको, अंबाडा नको.

नखांचंही होतं त्यात. ते पटलं मला.
नख दुसऱ्याच्या कातडीत घुसतं.
नखं लगेच काढली, फुकट.
पण केस कुणाला बोचतात बे?

भास्कर हसला, पाठमोरा झाला.
जर्सीवर, केसांखाली अर्धी झाकलेली,
सिमेंटची जाहिरात.

असं होय.

त्याच्या आईनं तिरुपतीला बोललेले केस हे,
तीन वर्षांचे.
ती समोरच्या गल्लीत यंत्रमागावर असते,
खडखडाटात तिला हाक ऐकू जात नाही.

नियमच नकोत असं नाही म्हणत मी.
माझ्याही भिंतीवर पाटी आहे:
उधारी बंद, राजकारण बंद.
पण पाटीखाली बसलेल्याचं डोकं
मी विचारूनच धरतो.

गळ्याभोवती टॉवेल बांधला.
दोन्ही टोकांना दशा, मोकळ्या, लोंबत्या.
एवढं विणतं हे गाव,
दशा काप म्हणून कुणी सांगत नाही.

"काप," तो म्हणाला. "घराचे हप्ते आहेत."

कापले. खाली पडू दिले नाहीत मात्र.
शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत भरून
वर रबर लावलं.
"अण्णा, वास लागेल."
लागू दे.