माझ्या मनगटाइतकं

तीस वर्षं मी दुसऱ्याच्या उंचीपुढे उभी राहिले.
शेटिकँपच्या मासळी कारखान्यात
आधी कॉडची पोटं फाडत,
कॉड संपला तेव्हा खेकड्यांचे पाय मोडत,
एका स्टीलच्या टेबलापाशी,
जे कुणा उंच माणसाने कागदावर काढलं होतं
आणि इथे कोण उभं राहणार
हे त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.
मी पायाखाली खोकं घ्यायचे.
मुकादम दर सोमवारी ते उचलून न्यायचा.
माझा उजवा खांदा अजून त्याचं नाव घेतो.

मग एका मार्चात सुएत सुटला,
आमचा तो डोंगरावरून समुद्राकडे धावणारा वारा.
परसातला मेपल आडवा झाला
तेव्हा काही ऐकू आलं नाही.
त्या गदारोळात कुठला आवाज वेगळा काढायचा?
सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत
आकाश जास्त होतं, एवढंच.

प्लासिद म्हणाला, दोन हिवाळ्यांचं जळण झालं तुझं.
मी म्हटलं, नाही.
का नाही, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

फळ्या पाडून आणल्या, शेडमध्ये रचल्या,
मधे पट्ट्या, टोकांना उरलेला निळा रंग.
इंचाला एक वर्ष, असं इथले म्हातारे म्हणतात.
तीन इंच. तीन वर्षं.
तेवढ्यात मी निवृत्त झाले,
शिडीवरून एकदा पडले,
रंधा कसा धरायचा ते शिकले
आणि पटाशी कशी धरू नये तेही.
ते डाव्या अंगठ्यावर लिहिलेलं आहे.

मेपल लाडात येत नाही.
रेषेच्या उलट गेलात की चावतो,
पटाशीला दर अर्ध्या तासाने
दगडाकडे परत पाठवतो.
खाचा कोरल्या, कुसवं बसवली,
गुण्या लावला तर एक पाय कललेला,
दाराआडून ऐकणाऱ्या माणसासारखा.
काढला. परत केला.
परत कललेला. परत काढला.

मधल्या फळीत रंध्याचं पातं करकरलं.
लोखंड.
आईची तोटी, रस काढायची,
झाडाने कधीतरी गिळून टाकलेली.
एप्रिलमध्ये ती इथे डबा अडकवायची
आणि मी शाळेतून येताना
बोट बुडवून चाखायचे, जवळजवळ पाणीच.
भोवती तपकिरी डाग, हातभर लांब.
तोटी दाराच्या खिळ्याला टांगली.
भोक बुजवलं नाही.
खुंट्यांच्या भोकांची रांग सरळ जाते,
हे एकटंच भलतीकडे.
पेन्सिल त्यात बरोबर उभी राहते.

उरली उंची.
पुस्तक म्हणतं चौतीस इंच.
मी कामाचे बूट घातले, भिंतीला टेकून
हात मोकळे सोडले,
आणि प्लासिदच्या नातीने, यूलालीने,
मनगटाच्या हाडापाशी खडूने रेघ मारली.
एकतीस आणि थोडं, ती म्हणाली.
थोडं म्हणजे किती?
थोडंच.
इतकी लाकडं कापली,
पण त्या चार पायांना करवत लावताना
हात थरथरले.

सुलटं करायला चार माणसं लागली.
चौघांनी चार संतांना हाका मारल्या,
एकाने आणखी कुणाला, जो संत नव्हता.

काल पुन्हा सुएत.
शेड कण्हत होती, पत्रा आपटत होता,
बल्ब तारेवर हेलकावत होता.
मेजावरच्या कपात चहा गप्प,
हलत होतं ते फक्त बल्बचं प्रतिबिंब.

प्लासिद वाऱ्यातून वाकत आला,
वाकलेलाच मेजाशी थांबला,
दोन्ही तळवे टेकून अंगाचा सगळा जोर लावला.
जागचं हललं नाही.
मग पाठ धरून सरळ होत म्हणाला,
ठेंगणं झालंय गं, ओझीत.

तुला, मी म्हटलं.