दोन बोटं खाली

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या भिंतीला पाठ लावून
गुलाब शिकलगारांचं गॅरेज आहे.
छताच्या पत्र्याला एक भोक आहे, मुठीएवढं.
पावसाळ्यात तिथून गळतं, खाली डबा ठेवतात.
भोक बुजवत नाहीत.

मी फियाट घेऊन गेलो. सदुसष्टची, दुधी रंगाची,
नाक वर धरून चालणारी.
म्हटलं, मिस्त्री, हिला बसवा खाली,
चार बोटं तरी. चाक मडगार्डात लपलं पाहिजे.
मोबाईलवर फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो बघितला,
मग गाडीचं डावं दार उघडून आत बघितलं
आणि विचारलं, "ह्यात बसतं कोण?"
मी म्हटलं, मीच.

सपाट जागा त्यांनी
बेरिंगची एक गोळी सोडून शोधली.
ती थांबली तिथं गाडी.
मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढून जॅक.
मी वाकलो बघायला, तर कॉलर धरून मागं ओढलं:
"जॅक म्हंजी पाव्हणा.
कवा उठून जाईल सांगता येत न्हाई.
घोड्या लावू दे, मग घाल मुंडकं."
घोड्या लागल्या. बाजारात म्हशीची पाठ दाबून बघावी
तशी गाडी हलवून बघितली, दोनदा.

चाक निघालं, शॉकॉप्सर निघाला.
आत स्प्रिंग, तांबूस,
माझ्या जन्माआधीपासून दाबून बसलेली.
कॉम्प्रेसरचे आकडे समोरासमोर अडकवले.
पाना इकडं अर्धा फेर, तिकडं अर्धा फेर.
रेडिओ बंद करायला लावला.
नातू तौफिक स्प्रिंगच्या समोर उभा होता,
त्याला बोटानं बाजूला केलं
आणि तेच बोट वर धरलं, पत्र्याकडं.

"एकोणनव्वद साल. तारंनं बांदल्याली.
कानाजवळनं गेली, वारं लागलं नुस्तं.
कान हाय. पर त्या अंगाला अजून शिट्टी वाजतीया."

मी म्हटलं, गॅस कटर मारा की, दोन मिनिटांचं काम.
"तापली की पाणी उतरतं तिचं.
मग ती स्प्रिंग न्हाई, नुस्तं वेटोळं."
करवत घेतली. ओल्या फडक्यातून थेंब थेंब पाणी.
पाऊण तास. अर्धा वेढा.
दुसऱ्या बाजूलाही तेवढाच, दोऱ्यानं मोजून.
मागचे पाटे शिरोलीला पाठवले,
कमान थंडच ठोकून उतरवायला.
मला वाटलं, चार बोटं होतील.

बुशांचे बोल्ट त्यांनी ढिलेच ठेवले होते.
गाडी घोड्यांवरून उतरली, चाकं फरशीला लागली,
मागंपुढं ढकलली, तिनं स्वतःची जागा धरली,
तेव्हा म्हणाले, "आता पाय टेकलं तिचं.
आता आवळ."

आणि माझ्याकडं न बघता:
"उद्या त्येनला घिऊन ये."
कुणाला?
डाव्या पायदाणीवर काठीच्या रबराचे ठसे होते,
गोल, एकावर एक,
वर्षानुवर्षं मी झाडून काढलेल्या धुळीखाली.

बाबा रिक्षातून आले. गुडघ्याला पट्टा.
बसले. मग उठायचं होतं.
काठी, दाराचा खांब, पुन्हा काठी.
मिस्त्री हात द्यायला गेले नाहीत,
उकिडवे बसून फक्त गुडघ्याकडं बघत राहिले,
मघाशी स्प्रिंगकडं बघत होते तसे.
बाबा उभे राहिले.
"झालं," मिस्त्री म्हणाले. "चार मागितलीस, दोनच केली.
पैसं दोनाचंच दे."

स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून
ब्रेकचा पाइप कुठं ताणतो का, तेवढं बघितलं
आणि तौफिकला चहा सांगितला.

घरी येताना बाबा काही बोलले नाहीत.
फक्त प्रत्येक गतिरोधक आला की
वरच्या दांडीला धरून सीटवरून जरासे उचलले जायचे,
गाडीला आपलं ओझं होऊ नये म्हणून.
एकदाही घासली नाही.