पगाराविषयी सर सांगतील

सयाजीगंजात तिसऱ्या माळ्यावर आमचं ऑफिस.
लिफ्टला कुलूप आहे, पण ते फोनवर सांगायचं नसतं.
सांगायचं ते पिनाकिन सरांनी कागदावर लिहून दिलंय
गुजरातीत आणि हिंदीत,
मराठी मी माझं माझं केलं:
अभिनंदन, तुमचा बायोडाटा निवडला गेलाय,
मॅनेजमेंटची जागा आहे,
दारोदार? छे हो, तसलं काही नाही,
येताना दोन फोटो आणा.
आणि पलीकडचा घसा खाकरला
की प्रश्न यायच्या आत म्हणायचं,
पगाराविषयी सर सांगतील.

सर सांगत नाहीत.
सर फळ्यावर वर्तुळं काढतात.
मधल्या वर्तुळात तुम्ही,
भोवती तुमचे मावसभाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी,
मुलाच्या ट्यूशनवाल्या बाई,
ज्यांच्या ज्यांच्या नळाला पाणी येतं ते सगळे.
पाणी शुद्ध करायचं मशीन टेबलावर
लाल मखमलीखाली बसलेलं असतं,
दाखवायला आणलेल्या मुलीसारखं, खाली मान घालून.
डेमो किटचे अठराशे, परत मिळणारे.
परत कधी, ते वर्तुळाबाहेर.

मंगळवारच्या यादीत सातवं नाव
मधुसूदन त्र्यंबक चांदोरकर, वय चोपन्न, दांडिया बाजार.
मकरपुऱ्यात पंपाच्या कारखान्यात
सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर.
कारखान्याचं पुढे काय झालं
ते लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

जिने चढून घामेजले होते,
तरी बाहीवरची इस्त्रीची रेघ जागच्या जागी.
फायलीत एकेक सर्टिफिकेट वेगळ्या प्लॅस्टिकात,
सगळ्यात वर कॅरम, उपविजेते.
ते त्यांनी हळूच मागे सरकवलं.
मी पाहिलं नाही असं केलं.

आवो काका, बेसो, म्हणाले सर,
आणि मग नेहमीचं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
काका जरा हिशोबात पडले.
एकोणसाठ पूर्ण होतील, म्हणाले.
मागे कोणीतरी हसलं. सरही हसले,
सरस, सरस,
आणि वर्तुळाकडे वळले.
महिन्याचं काय मिळेल?
अनलिमिटेड, सर म्हणाले, वरती मर्यादाच नाही.
वरची राहू द्या, काका म्हणाले,
खालची सांगा.

मार्कर सुकला होता की काय,
वर्तुळ अर्धंच उमटलं.

जाताना माझ्या टेबलाशी थांबून
त्यांनी फोटो परत मागितले.
परवाच काढलेत, आठ प्रती, ऐंशी रुपये,
बँकेत लागतील.
मी स्टेपलरची पिन नखाने उचकटली.
मग खालच्या आवाजात:
फोनवर तूच होतीस ना?
हो.
तुला किती देतात?

सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.
घरी मीच सांगते, न विचारता,
दर वेळी वेगळा आकडा.
तोंड उघडलं, आणि त्यातून सवयीने,
फोनवरच्या त्याच गोड आवाजात आलं:
पगाराविषयी सर

काकांनी मान हलवली.
रागाने नाही. स्टोअरमध्ये माल कमी भरला
की नोंद करताना हलवत असतील, तशी.
खाली दुसऱ्या माळ्यापर्यंत बूट ऐकू येत होते.

माणशी चाळीस. तेही शेवटपर्यंत बसलेल्या माणसाचे.
अकरांना बोलावलं, सात आले, एक अर्ध्यात उठला.
सहा चोक चोवीस, दोनशे चाळीस,
त्यातून माझ्या किटचा हप्ता वजा.
हो, मीसुद्धा घेतलंय.
मशीन माळ्यावर पडलंय,
मखमल आईने देवांखाली अंथरली.

साडेसहाला बुधवारची यादी उघडली.
पहिलं नाव कोणी उज्ज्वला शिर्के.
नखात पिनेचा गंज तसाच होता.
रिंग गेली, फोन उचलला,
आणि हॅलो म्हणण्याआधी पलीकडे
कोणीतरी घाईघाईने टीव्ही बंद केला.