लाइन गेल्यावर

चक्की सुरू असली की रेडिओ म्हणजे
काचेपलीकडून बोलणारा माणूस.
दहा हॉर्सपॉवरची मोटर, पट्ट्याची फटफट,
त्यात बातम्या, गाणी, हवामान
सगळं एकाच जाडीचं निघतं.
तरी मी तो बंद करत नाही.
खुंटीला टांगलाय, पन्नीत बांधून.
पन्नीवर पीठ, पिठात माझ्या बोटानं पडलेली वाट
आवाजाच्या बटनापर्यंत.

त्यामुळे मला जगातलं पुष्कळ माहीत आहे,
पण अर्धं.

मध हजारो वर्षं खराब होत नाही, कारण—
नेवारे गुरुजींची जवारी आली.
शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा, म्हणजे—
चण्याची डाळ, पाच किलो, बारीक.
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्यातलं एक—
त्यातलं एक काय,
ते मला अकरा महिने माहीत नव्हतं.

पंचफुलाबाई तीन किलोमीटरवरून येतात,
डोक्यावर डबा, हातात चपला.
डबा खाली ठेवायच्या आधी विचारतात,
“काय म्हने तुहा रेडू आज?”
शुक्राचं सांगितलं तेव्हा
झाकणावर टिचकी मारून म्हणाल्या,
“म्हंजे तठी बाईचं काम सपतच नसन.”
तीन हृदयांवर मात्र गप्प.
ऑक्टोपस कसा असतो ते मी पिठात काढून दाखवलं,
आठ पाय, सातच जमले.
दळण उचललं, पैसे दिले,
दारातून वळल्या:
“एक माहेरचं असन. एक सासरचं.
अन् एक, कोनाले न दाखवाचं.”

पुढं होळीच्या आसपास
दिग्रसच्या एस्टीचा कंडक्टर माठातलं पाणी प्यायला उतरला
आणि मलाच सांगू लागला,
भाऊ, समुद्रात म्हणे एक बाई राहते, तीन काळजांची,
सात पायांची,
रेडिओवर सांगतलं, खोटं नाही.
मी मान हलवली. कानामागचं पीठ उडालं.

दगडाला टाकी मारायची वेळ झाली होती,
त्यात लाइन गेली.
एकदम सगळ्या गावाचा आवाज बसला.
मग कुठं कोंबडं, कुठं बोअरवर बादली,
आणि खुंटीवरून, सर्दी झालेल्या आवाजात,
तोच कार्यक्रम, पुन्हा लावलेला.
मी टाकी मारायचा थांबलो.
मधात पाणी फार नसतं, म्हणून तो टिकतो.
बरं.
आणि ऑक्टोपस पोहायला लागला
की त्याचं एक हृदय थांबतं.
म्हणून दमतो.
म्हणून त्याला पोहण्यापेक्षा
तळाच्या वाळूवरून चालत जाणं बरं वाटतं.

एवढंच होतं.
अकरा महिने मी काय काय समजत होतो.

पंचफुलाबाई नेमक्या तेव्हाच आल्या.
लाइन नाही म्हणताच रिकाम्या पोत्यावर बसल्या,
पाय पुढं करून.
सांगू की नको, असं झालं मला.
त्यांचं जास्त चांगलं होतं,
आणि एस्टीनं एव्हाना पुसदपर्यंत पोचलंही असेल.
पण खरं कळल्यावर पोटात ठेवणं
मला जमत नाही. सांगितलं.

त्यांनी टाचेची भेग अंगठ्यानं चाचपली.
“मंग बरोबर हाय तिचं,” म्हणाल्या.
“मी तरी कुठी बसतो ऑटोत?”

लाइन यायला सव्वा तास होता.
रेडिओवर कापसाचे भाव लागले,
अकोट, वणी, हिंगणघाट.
आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकले.
विकायला कापूस
दोघांकडंही नव्हता.