जिन्यातलं बटण

पाया खणला तो शुक्रवार होता, तुमची सुट्टी.
पाचगावच्या त्या दोन गुंठ्यांत
मी फोन उलटा धरून चर दाखवला.
"अजून खाली जाऊ दे," म्हणालात,
सोहारहून, आमच्यापेक्षा दीड तास मागून.
अस्लम नदाफ सेंट्रिंगवाला फोनमध्ये वाकला,
"भावा, खडक लागलाय. तू निवांत ऱ्हा."

उद्यमनगरात तुमचा लेथ खिडकीकडचा.
मालक भेटले की अजून विचारतात,
"परत येणार असंल तर सांगा, पोरं मिळंना झाल्यात."
पगार सांगत नाहीत. मीही विचारत नाही.
तिकडच्या एका महिन्यात इकडचे तीन बसतात,
हे त्यांनाही तोंडपाठ आहे.

एजंटाचे नव्वद हजार माझ्या गंठणातून गेले.
पतसंस्थेत व्याज भरायला जाते,
तर शैलजा क्लार्क न मागता सांगते,
"आहे हं वहिनी, पुडी आहे तशीच."
गळ्यात काळी पोत.
गल्लीला मात्र तुमचा पैसा आला की आधी कळतो.
त्या आठवड्यात गवंडी हजेरीला शंभर वाढवतो,
टँकरवाला उधारी बंद करतो,
आणि तुमच्या थोरल्या बहिणीला माझी आठवण येते.

मी शिकले बाराची सळई, सोळाची सळई,
रिंगांमधलं अंतर वितीनं मोजायला.
खडीची गाडी अर्धा ब्रास कमी होती
ती दारातून परत पाठवली.
त्या रात्री तुम्हाला सांगितलं नाही.
तुम्ही विचारलं असतं, "संगं कोण हुतं?"
कुणी नव्हतं.

मग चार महिने पगार नाही.
जिना अकराव्या पायरीवर थांबला.
विराज तिथं पाय सोडून बसायचा,
एकोणीसचा पाढा म्हणायचा, खाली आक्का ओरडायच्या.
तुम्ही व्हिडिओ बंद ठेवायला लागलात.
"नेट न्हाई गं."
मागं कुणीतरी भांडी घासत होतं,
आणि कुणीतरी रडत होतं, आपल्या भाषेत नाही.
मी विचारलं, जेवलात का.
जेवलो म्हणालात, फार लवकर.

दोन वर्षं सात महिन्यांनी आलात, चाळीस दिवसांसाठी.
वाघाच्या चित्राचं ब्लँकेट, खजूर, माझ्यासाठी अत्तर.
आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.
तुम्ही आधी भिंतीला हात लावलात,
मग ओळंबा मागितलात.
"बरोबर हाय," म्हणालात, जरा नाराज होऊन.

पहिल्या रात्री पाण्यासाठी उठलात.
मी जागीच होते.
तुमचा तळहात भिंतीवरून फिरत होता
दाराच्या डावीकडे, वर, खाली, पुन्हा वर.
फोनमध्ये बटण डावीकडेच दिसायचं,
मी नेहमी जिन्यात उभी राहून आत दाखवायचे.
तुम्ही आता आतून येत होता.
सांगायला हवं होतं मी.
पण मला बघायचं होतं किती वेळ लागतो.

विराज उठला, अर्धवट झोपेत,
उजवीकडे कोपरानं बटण दाबलं.
"हितं असतंय," म्हणाला,
आणि जाऊन झोपला.

एकोणचाळिसाव्या दिवशी
तुम्ही टेस्टर आणि पक्कड घेऊन बसलात.
पाहुणे जेवायला आलेले, बॅग अर्धी भरलेली,
आणि तुम्ही छिन्नीनं नवी भिंत फोडत होता.
डावीकडे दुसरं बटण बसवलंत.
दोन्हीकडून एकच दिवा.

तेव्हापासून घोटाळा आहे.
उजवीकडचं कधी वर असताना बंद,
कधी खाली असताना बंद.
आक्का वैतागतात, "कुणी सांगितलं हुतं हे?"
डावीकडे कुणी हात लावत नाही.
मी लावते. शुक्रवारी, फोन येऊन गेला की.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांचं चुकतं.