शेजारची चिठ्ठी

पाऊस होऊन सहा आठवडे झाले,
म्हणजे मोहावीच्या हिशेबात आत्ताच.
बार्स्टोच्या पूर्वेला, बंद पडलेल्या खाणीखालच्या ओढ्यात
रेजिना ओल्मेडो गुडघे टेकते,
सकाळपासून एकविसाव्यांदा.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेले गुडघे.
कुरकुरतात, पण ऐकतात.

सगळं पिवळं.
हायवेवर गाडी थांबवून फोटो काढणारे म्हणतात, पॉपी,
आणि त्यांचं चुकत नाही.
ओणवं झालं की मग पिवळ्यात फूट पडते.

ही बघ, ती म्हणते. सोबत कुणी नाही.
हिची पानं सगळी बुडाशी, घोळका करून,
देठ उघडा, एका दमात वर,
कळी मान खाली घालून, ओरडा खाल्लेल्या पोरासारखी.
आणि ही, वीतभर अंतरावर,
त्याच वाळूत, त्याच चार सरींवर वाढलेली,
हिच्या देठाला मध्येच एक पान.
एवढंच.
आडनाव तेच, नाव वेगळं.

पाकळीवर जाऊ नये.
पाकळी पावसाचं ऐकते:
बऱ्या साली धाकटी जातही थोरलीएवढं मिरवते,
कोरड्या साली थोरलीचं फूल शर्टाच्या बटणाएवढं.
बी खोटं बोलत नाही.
एकीचं खड्ड्याखड्ड्यांचं, देवी येऊन गेल्यासारखं,
दुसरीचं जाळीदार.
पण त्यासाठी मे लागतो,
आणि मे महिन्यात इथे कोण मरायला येतं?

हॅल्वर स्टेन्सरूड यायचा.
रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करायचा,
भिंग तंबाखूच्या डबीत ठेवायचा.
आधी बूड बघ, रेजिना. तोंड शेवटी.
त्याचे चारशे बारा कागद आता
कॉलेजच्या तळघरात, लोखंडी कपाटात,
आणि दर मंगळवारी ती, बिनपगारी.

दोनशे सातवा कागद.
दाबलेलं रोप, पिवळं उडून चहाच्या डागाएवढं उरलेलं.
खाली त्याचं तिरकं अक्षर: नाव, तारीख,
खाणीखालचा ओढा, वाळू, रोपं भरपूर.
आणि देठाला मध्येच एक पान.

तिला वाटलं, दुसऱ्याचं चिकटलं असेल.
थेंबभर पाणी सोडलं, सुईने उचलून पाहिलं.
त्याचंच होतं.
कोपऱ्यातल्या पुडीत बी, त्यानेच मेमध्ये येऊन नेलेलं.
जाळीदार.

त्या मेमध्ये त्याची बायको इस्पितळात होती,
की त्याच्या आदल्या? तिला साल आठवत नाही.
उगाच कारण शोधू नये.

तिथे खोडत नाहीत.
चुकलेलं नाव तसंच राहू द्यायचं,
शेजारी नवी चिठ्ठी डकवायची:
तुमच्या मते काय, तुम्ही कोण, कधी.
तिने दोन लिहिल्या, फाडल्या.
तिसरी खिशात घालून पहाटे चारला निघाली,
नव्वद मैल,
न जाणो, ओढ्यात एकच जात असली तर,
न जाणो, आपलंच भिंग.

दोन्ही आहेत.
मिसळून, मुळात मूळ, जणू वाटण्या झाल्याच नाहीत.
डोळा हिच्यावर, हात तिच्यावर, असं झालं असेल.
कुणाचंही होतं.

उन्हं चढली. कळ्यांच्या टोप्या सुटू लागल्या,
एकेक, बिनआवाजाच्या.
एक तिच्या मनगटावर पडली.
ही कुणाची, ते आता सांगता येणार नाही.
फुंकर न घालता ती तशीच बसून राहिली.

कागदावर चिठ्ठीपुरती जागा आहे.
तिने मोजली होती:
तिची डकवूनही
आणखी एकीपुरती उरते.